घर आवडलं म्हणून लगेच विसार देऊ नका: गावातलं घर घेताना आणि विकताना



मागच्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. "ताई, रस्त्यालगत घर घ्यायचंय, मागे राहायचं आणि पुढच्या पडवीत दुकान टाकायचं. काय काय बघू?" व्हिडिओत मी दोन मिनिटांत उत्तर गुंडाळलं होतं. इथे नीट सांगते, कारण या बाबतीत मी स्वतः दीड लाखाची फी भरून शिकलेय.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, ते तुम्हाला आठवत असेलच. त्यानंतर वरच्या अंगाला, म्हणजे आमच्या अलोरे, शिरगाव, पोफळीकडे जागा बघायला लोक यायला लागले. मी तेव्हा भाड्याच्या गाळ्यात होते. रस्त्याला लागून एक कौलारू घर विकायला निघालं. तीन खोल्या, पुढे मोठी पडवी, मागे परडं, विहीर. चौदा लाख. दुसरं कोणी उचलेल या धास्तीने मी आणि माझ्या नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी दीड लाख रोख विसार दिला आणि साध्या स्टॅम्पवर चार ओळी लिहून घेतल्या. घरपट्टी काकांच्या नावावर, लाईट बिल काकांच्या नावावर, राहतायत पण तेच. अजून काय पाहिजे?

सातबारा काढला आठ दिवसांनी. त्यावर अकरा नावं होती.

काकांनी फसवलं नव्हतं, हे आधी सांगते. त्यांच्या वडिलांच्या वेळी तोंडी वाटप झालं होतं, "हे घर तुझं, वरची बाग त्याची" असं. काकांच्या मनात घर त्यांचंच होतं. कागदावर मात्र दोन भावांचे वारस, दोन बहिणी आणि चुलत घराण्यातली माणसं. एक आत्या नालासोपाऱ्याला, एक पुतण्या सुरतेला. आमचा विसार तोवर त्यांच्या मुलीच्या लग्नात खर्च झालेला. तो परत यायला एकोणीस महिने लागले, चार हप्त्यांत. त्या वर्षी गणपतीचा माल मला उधारीवर भरावा लागला, आणि उधारीचा माल महाग पडतो हे दुकानदाराला सांगायला नको. छोट्या धंदेवाल्याकडे विसाराचे पैसे वेगळे नसतातच. ते मालाचेच पैसे असतात.

घरपट्टी म्हणजे मालकी नव्हे

ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे आपण ज्याला असेसमेंटचा उतारा म्हणतो, तो कर कोणाकडून घ्यायचा हे सांगतो. जमीन कोणाची हे तो सांगत नाही. लाईट बिलाचं तेच. देशावर बरीच घरं गावठाणात असतात. आपल्या कोकणात वाड्या पसरलेल्या, आणि बहुतेक घरं सातबाऱ्याच्या जमिनीत उभी. त्यामुळे आपल्याकडे घर घेणं म्हणजे बहुतेक वेळा जमीन घेणं असतं आणि जमिनीचे सगळे नियम त्याला लागतात.

म्हणून पहिलं काम सातबारा आणि आठ-अ. महाभूलेखवर घरबसल्या बघता येतो, डिजिटल सहीचा उतारा थोडे पैसे भरून निघतो. मग त्या सातबाऱ्यावर ज्या फेरफारांचे नंबर आहेत ते फेरफार काढा. सातबारा आजची स्थिती सांगतो, ती कशी झाली ते फेरफार सांगतो. कोण वारला, कोणाची नावं लागली, कोणाची राहिली, सगळं त्यात कळतं.

राहिलेली नावं बहुतेक वेळा बहिणींची असतात. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असायला हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलंय. (२० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री मात्र यामुळे मोडत नाही.) म्हणजे सातबाऱ्यावर बहिणीचं नाव नाही म्हणून ती सुटली, असं समजू नका. विकणाऱ्याला सरळ विचारा, "काका, तुम्ही भावंडं किती? बहिणी किती? आत्या आहेत का?" विचारायला अवघड वाटतं, पण विचारायचं.

मला तेव्हा एकाने सल्ला दिला होता, "काकांचा हिस्सा तेवढा घेऊन टाक, बाकीचे येतील मागून." असं कधी करू नका. सामाईकातला एकच हिस्सा विकत घेता येतो, पण ते एकत्र कुटुंबाचं राहतं घर असेल तर बाहेरच्या खरेदीदाराला त्या घरात बाकीच्यांबरोबर राहायचा हक्क मिळत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ तेच सांगतं. पैसे देऊन झाल्यावर वाटपाचा दावा लावायचा आणि तारखा मोजत बसायचं. दुकान कधी उघडणार?

शेरे वाचा, विशेषतः उजवीकडचे

सातबाऱ्यावर "इतर अधिकार" असा रकाना असतो. लोक तो वाचतच नाहीत. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, संपादनाचा शेरा, कोर्टाची मनाई, हे सगळं तिथे सापडतं. आमच्या भागात कोयना प्रकल्पासाठी जमिनी गेल्यात, त्यामुळे संपादनाचा शेरा आहे का ते मी सगळ्यात आधी बघते. रस्त्यालगतचं घर असेल तर रुंदीकरणाची नोटीस आलीय का, पडवी त्यात जातेय का, हेही विचारा. आपल्याला दुकान पडवीतच टाकायचंय ना!

भोगवटादार वर्ग २ लिहिलं असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. कुळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा असेल तर २०१४ च्या दुरुस्तीनंतर वाट सोपी झालीय. खरेदीच्या प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या ४० पट नजराणा भरून ते काम होतं. पण हे काम विकणाऱ्याने व्यवहाराआधी करायचं. "खरेदी झाल्यावर बघू" हे उत्तर घेऊ नका.

आणि जमीन शेतीची असेल तर तुम्ही शेतकरी आहात का? महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहसा घेता येत नाही, कुळकायद्याचं कलम ६३. घर उभं आहे म्हणून जमीन आपोआप बिनशेती होत नाही. मुंबईहून परत येऊन धंदा टाकू बघणारे बरेच जण इथे अडकतात, मग कळतं की आजोबांच्या सातबाऱ्यावर आपलं नाव लावायचंच राहिलंय. ते आधी लावून घ्या. मोठ्या जमिनीतून फक्त घराखालचे दोन-तीन गुंठे घेणार असाल तर तुकडेबंदीचा प्रश्न येतो. त्याचे नियम अलीकडे बदललेत, त्यामुळे जुन्या माहितीवर जाऊ नका, तलाठी आणि वकील दोघांनाही विचारा.

वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या आणि स्थानिक पेपरात जाहीर नोटीस द्या. याला लागणारे पैसे बघून हात आखडतो, मला कळतं. माझ्या अकरा नावांच्या प्रकरणापुढे ती रक्कम काहीच नव्हती. अजून एक युक्ती: कर्ज नको असलं तरी एकदा बँकेत कागद दाखवून विचारा, "यावर कर्ज द्याल का?" बँक नाही म्हणाली तर का नाही म्हणते ते ऐकून या. पुढे धंद्यासाठी तारण द्यायची वेळ येईल तेव्हा तेच कारण पुन्हा समोर येणार आहे.

घर जुलैत बघा

उन्हाळ्यात प्रत्येक जांभ्याचं घर देखणं दिसतं. पावसात जा. कौलातून कुठे गळतं, मागच्या दरडीचं पाणी कुठून उतरतं, भिंतीला किती उंच ओल चढते, वाशांना वाळवी लागलीय का. आमच्याकडे भूकंपाचे धक्के नवे नाहीत, ११ डिसेंबर १९६७ चा मोठा कोयना भूकंप जुनी माणसं अजून सांगतात. त्यामुळे कोपऱ्यात तिरकी भेग दिसली की गवंड्याला नेऊन दाखवा. चिपळूण शहरात किंवा वाशिष्ठीच्या काठी घेत असाल तर निळी आणि लाल पूररेषा बघायची. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. आणि शेजाऱ्याला विचारा, २०२१ ला पाणी कुठवर होतं? तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

आता वाट. घराकडे जाणारी पाखाडी कोणाच्या जमिनीतून जाते? आज सगळे गोडीत आहेत, उद्या कोणी गडगा घातला तर टेम्पो कुठून आणाल? वाटेचा हक्क खरेदीखतात लिहून घ्या. विहिरीचंही तसंच. "पाणी भरायचं हो, कोण अडवतंय" हे शब्द कोर्टात चालत नाहीत. हिस्सा असेल तर खतात हिस्सा लिहा. हद्द भूमी अभिलेखच्या मोजणीने कायम करून घ्या, फणसाच्या झाडापासून आंब्याच्या झाडापर्यंत अशी नको.

दुकान टाकायचं असेल तर ग्रामपंचायतीत आधी विचारून ठेवा. घरपट्टी बदलते आणि दुकानासाठी महावितरणचं व्यापारी दराचं कनेक्शन लागू शकतं. घराच्या मीटरवर फ्रीजर चालवून नंतर दंडाचं बिल आलेली मंडळी मला माहीत आहेत.

पैसे कधी आणि कसे

हे सगळं झाल्यावर विसार. थोडाच द्या, बँकेतून द्या. घर-जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, हा नियम जून २०१५ पासून आहे. म्हणजे मी दीड लाख रोख देऊन काकांनाही अडचणीत टाकलं होतं. विसार पावतीत एक वाक्य हवंच: मालकीत दोष निघाला तर इतक्या दिवसांत पूर्ण रक्कम परत. माझ्या त्या चार ओळींत हेच नव्हतं.

बजेट धरताना घराची किंमत म्हणजे सगळा खर्च असं समजू नका. मुद्रांक शुल्क सरकारी बाजारमूल्य किंवा ठरलेली किंमत यातलं जे जास्त असेल त्यावर लागतं. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे, घरात चर्चा करताना हे लक्षात असू द्या. वकील, मोजणी, कौलं परतणं, मीटर बदलणं हे वेगळं. हा सगळा खर्च काढून झाल्यावर तीन महिन्यांचा माल भरायला पैसे उरत नसतील तर घर मोठं होतंय, भाड्याचा गाळाच बरा. हे माझं मत आहे, पटलं तर घ्या.

खरेदीखत झालं की इंडेक्स २ घ्या आणि फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत मागे लागा. खत झालं म्हणून पेढे वाटून गप्प बसलेली माणसं पाच वर्षांनी नाव लावायला फिरताना दिसतात.

विकणाऱ्यांसाठी

धंद्याला भांडवल हवं म्हणून गावचं घर काढणारेही तुमच्यात आहेत. तुमचं काम गिऱ्हाईक यायच्या आधी सुरू होतं. वारस नोंदी करा. मग दोनच वाटा. एक, सगळे हिस्सेदार मिळून खरेदीखतावर सह्या करतात आणि पैसे वाटून घेतात. दोन, बाकीचे एकाच्या नावे हक्कसोड पत्र करतात आणि तो विकतो. हक्कसोड नोंदवलेलंच हवं, साध्या कागदावरचं चालत नाही. आणि बहिणींना "सही कर गं, औपचारिक आहे" असं सांगून बोलावू नका. ती काय सोडतेय ते तिला सांगा आणि तिच्या हिश्शाचं काय ते आधी ठरवा. निम्मे दावे या एका न बोललेल्या गोष्टीतून उभे राहतात असं मला वाटतं. जुनं मुखत्यारपत्र दाखवून विकायचा विचार असेल तर नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सांगितलंय. नफ्यावर कर किती बसेल ते सीएकडून आधी काढून घ्या.

आमच्या काकांनी शेवटी हेच केलं. विसाराचा शेवटचा हप्ता द्यायला आले तेव्हा म्हणाले, "बाय, आता तूच सांग हे कसं सोडवायचं." मी त्यांना एक तारीख सुचवली. आपल्याकडे सगळा गोतावळा एका छपराखाली येतो तो गणपतीत. चाकरमानी आलेले असतात, आत्या आलेली असते. त्यांनी जुलैतच वकिलाकडून मसुदा करून सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला, आधार-पॅन गोळा केले आणि गौरी गेल्यावर कामाच्या दिवसाची चिपळूणच्या दुय्यम निबंधक कार्यालयात वेळ घेऊन ठेवली. सुरतेच्या पुतण्याने रजा दोन दिवस वाढवली. आत्याने आधी आपल्या हिश्शाची रक्कम खात्यात आल्याचा मेसेज बघितला, मग अंगठा लावला. बरोबर केलं तिने.

घर पुढच्या मे महिन्यात दुसऱ्या गिऱ्हाईकाला गेलं, साडेसोळा लाखांना. पडवीत आता पंक्चरचं दुकान आहे, चांगलं चालतं.

हक्कसोड पत्रासाठी काय काय कागद लागतात त्याचा व्हिडिओ पुढच्या रविवारी टाकते. तोवर आपापल्या घराचा सातबारा काढून नावं मोजून ठेवा.