घरच्या मोटारखान्यातील लिफ्ट

न्हाव्याच्या दुकानातील खुर्ची आपण सर्वांनीच पाहिली आहे. पायाने दांडी दाबावी आणि गिऱ्हाइकासह ती हळूहळू वर यावी! अमेरिकेतील मेंफिस शहरच्या पीटर लुनाटी या गृहस्थास अशाच खुर्चीवरून मोटार उचलण्याच्या यंत्राची कल्पना सुचली, असे सांगतात; १९२५ साली त्याने तेलाच्या दाबावर चालणारी लिफ्ट सिद्ध केली. तत्त्व मात्र जुने, सतराव्या शतकातील फ्रेंच पंडित पास्काल याचे. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. म्हणूनच एका चौरस इंचाच्या दट्ट्यावर दहा किलोंचा भार दिला, तर वीस चौरस इंचांचा दट्ट्या दोनशे किलो उचलून धरतो.

‘उचलून धरतो’ असे मी म्हटले खरे, पण धोका नेमका तेथेच आहे. तेल उचलते, ते धरून ठेवीलच याचा भरवसा नाही. आतील रबरी कडे झिजले किंवा नळी फुटली की दाब ओसरतो आणि गाडी खाली येते. केवळ जॅकवर, किंवा त्याहून वाईट म्हणजे विटांच्या चळतीवर गाडी टेकवून खाली शिरणारे हौशी गृहस्थ पाहिले की माझ्या अंगावर काटा येतो. वीट पिचण्यापूर्वी सूचना देत नाही. चांगल्या लिफ्टच्या खांबात ठरावीक अंतरावर दाते असतात आणि त्यांत लोखंडी खटका अडकतो. गाडी किंचित वर नेऊन मग खटक्यावर टेकवावयाची, म्हणजे तिचा भार तेलावर न राहता पोलादावर येतो. विक्रेता आपणांस मोटरची ताकद दाखवील, रंग दाखवील. आपण खटका दाखविण्यास सांगावे.

कारखान्यांतून बहुधा दोनखांबी लिफ्ट दिसते. चार बाहूंनी ती गाडीच्या दोन्ही कडा उचलते. चाके मोकळी राहतात, खालचा सारा भाग उघडा मिळतो. मात्र त्या भाराने दोन्ही खांब आत झुकू पाहतात आणि बाहेरच्या अंगाचे बोल्ट जमिनीतून उपटू पाहतात. तेव्हा यंत्राच्या आधी आपली जमीन पाहिली पाहिजे. इंदूर वा वडोदऱ्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचा काँक्रीटचा पातळ थर तिच्याबरोबर हलतो. गोव्याचा जांभा असा फुगत नाही. परंतु भराव घालून केलेल्या अंगणात तोही दिलासा उरत नाही. त्यातून आपल्या जुन्या घरांतील मोटारखान्याची जमीन म्हणजे दगडी सोलिंगवर शहाबादी फरशी, नाहीतर कोबा. वरून ती कितीही टणक वाटो, बोल्टला धरून ठेवण्याचे बळ तिच्यात नसते. त्यासाठी चार ते सहा इंच, काही यंत्रांना त्याहूनही अधिक, जाडीचे सलग काँक्रीट लागते. नेमका आकडा यंत्राच्या पुस्तिकेत असतो. कोपऱ्यात एक भोक पाडून जाडी मोजून घ्यावी. नवे काँक्रीट ओतलेच, तर बोल्ट आवळण्यापूर्वी २८ दिवस जाऊ द्यावेत. सुताराने पलंग ठोकावा तशी दुसऱ्याच दिवशी लिफ्ट बसविण्याची घाई नको.

छताचा हिशेबही सोपा आहे, तरी तो पुष्कळदा राहून जातो. दीड मीटर उंचीची लहान मोटार माणूस उभा राहील इतकी, म्हणजे १.८ मीटर उचलली, तर तिचा माथा ३.३ मीटरवर, जवळजवळ अकरा फुटांवर जातो. आपल्याकडे स्लॅब पुष्कळदा दहा फुटांवर असतो, आणि त्याला पंखा लटकत असतो!

चारखांबी लिफ्टवर गाडी आपल्या चाकांवरच उभी राहते. ती स्थिर असते आणि एकीखाली दुसरी गाडी ठेवण्यास उत्तम. पण चाके काढावयाची तर वर निराळा जॅक लागतो. ती तारेच्या दोरांवर चालणारी असेल, तर कोकण-गोव्याच्या दमट हवेत त्या दोरांचा गंज वरचेवर तपासावा लागतो. माझे मत विचाराल, तर तेल बदलणे, ब्रेक पाहणे एवढ्यासाठी मीटरभर उचलणारी सिझर लिफ्ट बहुतेक घरांना पुरे. तिच्या सांगाड्यामुळे गाडीचा मधला भाग झाकला जातो, ही उणीव खरी. परंतु छत आडवे येत नाही, आणि तिच्यातील कित्येक प्रकारांना जमिनीत बोल्टही लागत नाहीत. सपाट, भक्कम काँक्रीट मात्र त्यांनाही हवेच.

मागणी नोंदविण्यापूर्वी घरी वीज एक फेजची आहे की तीन फेजची, हे पाहावे. गाडीच्या नोंदणीपत्रात मोकळ्या गाडीचे वजन असते. लिफ्टची क्षमता त्याहून बरीच अधिक असावी. विजेवरील मोटारींत बॅटरी तळाशीच पसरलेली असते, तेव्हा बाहू गाडीच्या पुस्तिकेत दाखविलेल्या जागीच लावावेत, बॅटरीखाली कदापि नव्हे.

आणि प्रत्येक वेळी गाडी प्रथम केवळ अर्धा फूट उचलून थांबावे. बाजूला उभे राहून तिला हाताने हलवून पाहावे. डगमगली, तर खाली आणून बाहूंच्या जागा पुन्हा नीट कराव्यात.