थंडीतील जळण आणि शेताचे खत

मार्गशीर्ष-पौषात निफाडकडे पारा उतरू लागला की घरोघरी जळणाचा खर्च वाढतो. 2016 साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने पुष्कळ घरांत गॅसची शेगडी पोहोचविली. तथापि खेड्यांत आंघोळीचे पाणी अद्यापि बहुधा बंबावर किंवा चुलीवरच तापते. थंडीतले अधिक जळण तेथे जाते, आणि लाकूड अपुरे पडले की हात गोवऱ्यांच्या राशीकडे वळतो.

गोवरी जाळली म्हणजे शेणातील नत्र धुराबरोबर निघून जाते. जमीन भुसभुशीत राखणारे सेंद्रिय द्रव्यही जळते. राखेत स्फुरद व पालाश तेवढे उरते. नत्रासाठी युरियाचे पोते विकत आणावयाचे आणि गोठ्यातले नत्र बंबात घालावयाचे, हा व्यवहार शेतकरी बंधूंना परवडणारा नाही. म्हणून शेण वाचवावयाचे तर प्रथम लाकडाची उधळपट्टी थांबविली पाहिजे.

गेल्या पौषात एका वस्तीवर सकाळीच जाण्याचा योग आला. अंगणात बंब धुमसत होता आणि घरच्या मावशी फुंकणीने फुंकून बेजार झाल्या होत्या. “साहेब, बाभळीचं लाकूड असून पेटत का नाही?” त्यांनी विचारले. लाकूड आठवड्यापूर्वीच तोडलेले होते. ताज्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असते. असे दोन किलो लाकूड जाळले, तर त्यातील एक किलो पाण्याची वाफ करण्यातच सुमारे 600 किलोकॅलरी उष्णता खर्च होते. तेवढ्या उष्णतेत 30 लिटर, म्हणजे दोन बादल्या पाणी 20 अंशांनी तापले असते! मावशींना म्हटले, “तुम्ही आधी लाकडातलं पाणी तापवता आहात, बंबातलं मागाहून.” थंडीचे लाकूड उन्हाळ्यातच फोडून, पावसाळ्यात आडोशाला रचून ठेवावे. यंदा ते झाले नसेल, तर निदान बारीक चिरफळ्या करून उन्हात पसराव्यात.

बंब हे साधन मात्र चांगले आहे. मधल्या नळीभोवती पाणी असल्याने उघड्या चुलीपेक्षा अधिक उष्णता पाण्यात उतरते. नळीतील काजळी वरचेवर खरवडावी आणि जाळीखालची राख रोज काढावी, म्हणजे हवा खेळती राहते. राख शेतात टाकावी. मक्याची बुरकुंडे व तुराट्या बंबात उत्तम जळतात. खानदेश-विदर्भातील बंधूंनी पऱ्हाट्या प्रथम संपवाव्यात. त्यांवरील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते, म्हणून त्यांची गंजी पुढील हंगामापर्यंत ठेवणे धोक्याचे असते.

स्वयंपाकघरात डाळ भिजत घालणे व भांड्यावर झाकण ठेवणे हे बहुतेक भगिनी जाणतातच. त्यांत एका गोष्टीची भर घालावी. डाळीला दहा मिनिटे चांगली उकळी आणून, झाकणासह भांडे कोरड्या पेंढ्याने गच्च भरलेल्या खोक्यात ठेवावे व वरून गोधडी घालावी. डाळ आपल्याच उष्णतेने शिजते. जेवणापूर्वी पुन्हा एक उकळी द्यावी.

चार-पाच जनावरे असतील तेथे गोबर गॅस संयंत्र हा खरा उपाय होय. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे 50 किलो शेण लागते. जळण मिळते आणि नत्रही मळीत राहते. थंडीत गॅस कमी येतो, तेव्हा संयंत्र बिघडले असे समजून पुष्कळजण ते बंद करतात. हे चुकीचे आहे. गॅस तयार करणारे सूक्ष्म जीव थंडीने मंदावतात, इतकेच. शेण पहाटेच्या गार पाण्यात न कालवता दुपारी, उन्हात तापलेल्या पाण्यात कालवावे व घुमटावर पेंढ्याचा जाड थर द्यावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बंद पडलेल्या संयंत्रांची चौकशी याच दिवसांत करावी.

एक सूचना मात्र तातडीची आहे. ऊब राहावी म्हणून कोळशाची पेटती शेगडी बंद खोलीत घेऊन निजण्याची चाल काही घरांत आहे. निखाऱ्यांतून निघणारा विषारी वायू दिसत नाही, त्यास वासही येत नाही, आणि झोपेतच माणूस दगावतो. निखारे कितीही मंद झाले असले, तरी शेगडी अंगणात काढून मगच दार लावावे.