घडीच्या चाकूची मूठ : ताण नेमका कोण पेलतो?

मडगावहून निघून वसईमार्गे गुजरातकडे जाणारी रेल्वेगाडी नवसारी, मरोली आणि सचिन ही स्थानके मागे टाकते आणि उधन्याच्या अलीकडे भेस्तान लागते. सुरत महानगराचा हा दक्षिणेकडचा भाग. शेजारीच पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत, आसपास यंत्रमाग आणि रंगाई-छपाईचे कारखाने. या साऱ्या पट्ट्यात खानदेशातून, उधना-जळगाव लोहमार्गाने आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने स्थिरावलेली आहेत. जेथे दिवसभर सूत, सुतळी, प्लास्टिकच्या पट्ट्या आणि मालाच्या गाठी यांच्याशी संबंध येतो, तेथे खिशातला घडीचा चाकू हे शस्त्र नसते, अवजार असते. गुजरातीत त्याला ‘चप्पू’ म्हणतात. कच्छमधील अंजार हे गाव सुडी-चप्पूसाठी, म्हणजे अडकित्ते आणि चाकू यांसाठी, पूर्वापार प्रसिद्ध आहे.

असा चाकू घेताना गिऱ्हाईक पात्याची धार अंगठ्याच्या नखावर पाहते, पोलाद कोणते ते विचारते, आणि मुठीकडे केवळ रंग व नक्षी म्हणून बघते. वास्तविक घडीचा चाकू निकामी होतो तो बहुधा मुठीत. धार गेली तर पुन्हा लावता येते. मूठ दगा देते तेव्हा पाते उलटे मिटते, आणि त्याच्या वाटेत बोटे असतात.

स्वयंपाकघरातील सुरीचे किंवा कोयत्याचे पोलाद मुठीच्या आत शेपटीसारखे दूरवर गेलेले असते. विळीचे पाते तर पाटालाच जखडलेले. घडीच्या चाकूत पाते आणि मूठ यांचा संबंध एका खिळ्यापुरता व एका खटक्यापुरता असतो. हाताचा सगळा जोर या दोन ठिकाणांतून पात्याकडे जातो. समजा, पात्याचे टोक खिळ्यापासून 75 मिलिमीटरवर आहे आणि खटका पात्याला खिळ्यापासून 6 मिलिमीटरवर अडवतो. टोकाजवळ पाठीच्या बाजूने 5 किलोंचा भार आला, तर तरफेच्या नियमाने खटक्यावर 60 किलोंहून अधिक भार पडतो. पाते जितके लांब, तितकी ही तरफ विषम होत जाते. चित्रपटांनी गाजवलेल्या रामपुरीचे लांब पाते पडद्यावर भेदक वाटते. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती लांबी मुठीवरचा बोजाच वाढवते. (कायद्याच्या दृष्टीनेही लांबीला महत्त्व आहे. शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात; घरगुती, शेतीच्या वा औद्योगिक कामासाठी बनवलेल्यांना त्यातून सूट आहे.)

नेहमीच्या कापण्यात मात्र हा भार खटक्यावर येतच नाही. दोरी कापताना किंवा आंबा चिरताना जोर धारेच्या बाजूने लागतो. त्यामुळे पाते आणखी उघडण्याच्या दिशेने ढकलले जाते आणि ते अडणीच्या पक्क्या खिळ्यावर टेकते. खटक्याची खरी परीक्षा होते ती टोक खोक्यात किंवा लाकडात रुतल्यावर, पाते हिसका देऊन बाहेर काढताना, किंवा पाठीवर आघात बसल्यावर. म्हणूनच कच्च्या खटक्याचा चाकू महिनोन्महिने बिनतक्रार चालतो आणि एखाद्या दिवशी अचानक मिटतो. ‘इतके दिवस काही झाले नाही’ हा अनुभव येथे पुरावा ठरत नाही, कारण त्या दिवसांत खटक्याला कामच पडलेले नसते.

खटका न ठेवता केवळ पाठीच्या स्प्रिंगवर पाते तोलून धरणारी जुनी रचना आजही खिशातल्या छोट्या चाकूंत सर्रास दिसते. ती कमअस्सल नव्हे. पण अशा चाकूने भोसकून भोक पाडणे टाळावे. फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतातील जोसेफ ओपिनेल याने 1890 मध्ये जो शेतकऱ्यांचा स्वस्त चाकू काढला, त्यालाही आरंभी खटका नव्हता. 1955 मध्ये त्यावर फिरणारी धातूची कडी आली. ती फिरवली की पात्याची खाच बंद होते. अमेरिकेत 1964 मध्ये बाजारात आलेल्या बक 110 या चाकूने पाठीवरचा खटका लोकप्रिय केला, तर 1980 च्या दशकात मायकल वॉकर या कारागिराने मुठीच्या आतील धातूच्या पट्टीलाच खटका बनवण्याची पद्धत सुधारून रूढ केली. आज दुकानांतील बरेचसे चाकू याच शेवटच्या प्रकारातले असतात. त्यांत मुठीची आतली पट्टी, म्हणजे लायनर, दुहेरी काम करते : ती मुठीचा सांगाडाही असते आणि पात्याला अडवणारा आडणाही.

येथे जाडीचा हिशेब निर्णायक ठरतो. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 1 मिलिमीटरऐवजी 1.5 मिलिमीटरची पट्टी वापरली, तर ताठपणा दीडपट नव्हे, सुमारे 3.4 पट होतो. खिळ्याचेही तसेच. 3 मिलिमीटर व्यासाचा खिळा 4 मिलिमीटरचा केला, की त्याची वाकण्याला तोंड देण्याची ताकद जवळजवळ 2.4 पट होते. स्वस्त चाकू आणि टिकाऊ चाकू यांतील फरक बऱ्याचदा अशा अर्ध्या-एक मिलिमीटरचा असतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. बाहेर दिसतात त्या मुठीच्या फळ्या. त्या ताकद देतात, पण आतल्या सांगाड्याच्या मदतीने. धातूच्या पट्ट्या अजिबात नसतील, तर फळीचा माल आणि तिची जाडी यांवरच सारे अवलंबून राहते.

मुठीचा माल म्हटला की पहिले नाव लाकडाचे. शिसव, साग, अक्रोड, बीच अशी कितीतरी लाकडे वापरात आहेत. लाकूड हाताला उबदार लागते, घामाने निसटत नाही. त्याचा दोष त्याच्या धाग्यांत आहे. लाकडाचे तंतू एकाच दिशेने धावतात. त्या दिशेने ते चिवट, आडव्या दिशेने चटकन चिरणारे. शिवाय ओलावा शोषला की लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत मात्र फारसे वाढत नाही. गोव्याच्या पावसाळ्यात दारे-खिडक्या चौकटीत अडकतात, त्याच कारणाने लाकडी मुठीतले पाते जाम होते. ओपिनेलच्या बीचच्या मुठीचेही ओलाव्यात असेच होते. सॅव्हॉयमधील लोकांनी त्यावर तोड काढली आहे : मुठीचे बूड मेजावर आपटले, की अडकलेले पाते थोडे वर येते. युक्ती नामी असली, तरी दमट किनाऱ्यावर राहणाऱ्याने ती रोज का करावी?

शिंग आणि हाड हे आणखी जुने पर्याय. म्हशीचे शिंग तापवून सपाट करता येते, पॉलिशही सुंदर घेते. परंतु उष्णतेत आणि कोरड्या हवेत ते वाकते व त्याचे थर सुटू लागतात. हाड कठीण, पण आपटले की तडकणारे. सांबरशिंगाच्या मुठीचे आकर्षण अनेकांना असते. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 अन्वये तिचा व्यापार निषिद्ध आहे, हे विकत घेण्याआधी ध्यानात घेतलेले बरे.

धातूची मूठ मजबूत असते, मात्र जड. पितळेची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे 8.5 ग्रॅम, पोलादाची 7.8, टायटॅनियमची 4.5, ॲल्युमिनियमची 2.7. खाऱ्या हवेत पितळेवर हिरवट काट चढते. ॲल्युमिनियमच्या मुठीत स्टेनलेसचे स्क्रू असतील आणि मिठाचे पाणी सांध्यात साचले, तर दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम खाल्ले जाते. वास्को किंवा मालीमच्या जेट्टीवर वापरायच्या चाकूबाबत ही गोष्ट किरकोळ नाही.

या सगळ्यांवर गेल्या शतकात जो तोडगा निघाला, तो कापडाचा आहे. स्वित्झर्लंडच्या सैनिकांना 1891 पासून मिळू लागलेल्या चाकूची मूठ प्रथम काळसर ओक लाकडाची होती. विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्या जागी व्हल्कनाइज्ड फायबर आले. हे फायबर म्हणजे सुती चिंध्यांपासून केलेला कागद, झिंक क्लोराइडच्या द्रावात भिजवून, थरावर थर दाबून घट्ट केलेला. लिओ बेकलंड याने 1907 मध्ये बॅकेलाइटचा शोध लावल्यानंतर काही वर्षांतच वेस्टिंगहाउस कंपनीने कागद व कापडाचे थर त्याच जातीच्या राळेत भिजवून, उष्णता आणि दाब देऊन ‘मायकार्टा’ तयार केला. तो मुळात विजेच्या उपकरणांसाठी होता. आपल्याकडे विजेच्या कामात ‘हायलम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तपकिरी शीटचे कुळ तेच. पुढे सुती कापडाच्या जागी काचतंतूंचे कापड व फिनॉलच्या राळेऐवजी इपॉक्सी आली आणि ‘जी-टेन’ जन्मले. संगणकातील हिरवी सर्किट पट्टी याच घराण्यातली.

कापडच का, याचे उत्तर भेस्तानच्या कोणत्याही मागवाल्याला समजावून सांगावे लागणार नाही. लाकूड म्हणजे जणू नुसता ताणा. त्याला बाणा नाही. विणलेल्या कापडात उभे आणि आडवे असे दोन्ही धागे असतात, त्यामुळे ओढ कोणत्याही बाजूने आली तरी ती वाटून घेतली जाते. असे अनेक थर राळेने एकजीव केले, की चिरण्याची एकच ठरलेली दिशा उरत नाही. भेस्तान-पांडेसऱ्याच्या मागांवर विणले जाते ते प्रामुख्याने साड्या व ड्रेस मटेरियलचे पॉलिस्टर. मुठीत जाते ते काचेचे किंवा सुती कापड. पॉलिस्टर 260 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, काचतंतू त्याहून कितीतरी अधिक उष्णता सोसतो. माल वेगळा, विणीचे गणित एकच. जुन्या यंत्रमागांचा लाकडी धोटाही हीच कथा सांगतो. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जाणारा तो धोटा साध्या लाकडाचा असला की लवकर फुटे, म्हणून राळ पाजून दाबलेल्या लाकडाचे धोटे वापरात आले. चाकूच्या रंगीत लाकडी मुठींत आज जे राळ पाजलेले लाकूड दिसते, त्याचे तंत्र याहून निराळे नाही.

जी-टेनची घनता साधारण 1.8 ग्रॅम, म्हणजे पोलादाच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. पाणी ते जवळजवळ शोषत नाही. त्याचे वैगुण्य थरांमधल्या जागेत आहे. तेथे धागा नसतो, केवळ राळ असते. म्हणून फळीच्या कडेत थेट आटे पाडून स्क्रू बसवला, तर थर सुटण्याचा धोका राहतो. चांगला कारागीर फळी आरपार भोकून स्क्रू धातूच्या लायनरमध्ये किंवा पितळी नळीत पकडतो. नायलॉनमध्ये काचतंतूंचे तुकडे मिसळून साच्यात ओतलेल्या मुठी स्वस्त पडतात. त्या टाकाऊ नाहीत. परंतु त्यांत धागे विणलेले नसून विखुरलेले असतात, आणि स्क्रू वारंवार काढला-घातला की प्लास्टिकमधले आटे झिजतात.

रिव्हेट की स्क्रू, हा वादही जुनाच. रिव्हेट कंप पावून सैल होत नाही, मात्र एकदा ढिला झाला की ठोकून घट्ट करायला सधा हात लागतो. स्क्रूचा चाकू घरी उघडून धुता येतो. त्याची किंमत म्हणून अधूनमधून तो पिळावा लागतो. समुद्राकाठी, माशांच्या व रेतीच्या संगतीत, उघडता येणारा चाकू अधिक सोयीचा.

दुकानात पारख करायची तर पाते पूर्ण उघडून टोकाजवळ पाठीकडून धरावे आणि डावी-उजवीकडे हलवून पाहावे. हालचाल जाणवली, तर खिळा किंवा वॉशर सैल आहे. मग वर-खाली, तेथे खडखड झाली तर खटका पुरता बसत नाही. लायनरचा खटका पात्याच्या बुडाखाली कितपत सरकतो तेही पाहावे. अगदी कडेवर टेकणारा निसटू शकतो, पार पलीकडच्या फळीला भिडणारा झिजत आलेला असतो. मूठ दोन्ही फळ्यांवर दाबल्यावर पाते घासू लागले, तर सांगाडा लवचीक आहे असे समजावे. या सर्व चाचण्यांत बोटे पात्याच्या वाटेत नकोत.

पावसाळ्यात सांध्यात तेलाचा एक थेंब पुरतो. घरात हाताशी असलेले खोबरेल त्यासाठी तितकेसे योग्य नाही. ते 24 अंशांच्या आसपास थिजते आणि कालांतराने खवट होते. शिलाई यंत्राचे तेल बरे. जी-टेनची मूठ कानशीने घासून हाताच्या मापाची करायची असेल, तर ती ओली ठेवून आणि तोंडाला मास्क बांधूनच घासावी, कारण त्या भुकटीत काचेचे कण असतात.