मातीची लादी : कौशल्य, टिकाऊपणा आणि रोजगार

मंगळूर येथे १८६५ मध्ये बासेल मिशनने कौलांचा कारखाना सुरू केला. त्यातून मलबार किनाऱ्यावर, विशेषतः कोझिकोडजवळील फेरोक परिसरात, एक मोठा श्रमप्रधान उद्योग उभा राहिला. कोकणातील घरांवर दिसणारी मंगलोरी कौले ही याच परंपरेची देणगी होय. पुढे काँक्रीटच्या स्लॅबने कौलांची जागा घेतली. भातशेती व पाणथळ जमिनींच्या संरक्षणासाठी केरळने २००८ मध्ये कायदा केल्यानंतर चिकणमाती मिळणेही अवघड झाले आणि अनेक कारखाने बंद पडले. टिकून राहिलेल्या काही कारखान्यांना जमिनीवर बसवायच्या, झिलई नसलेल्या भाजक्या मातीच्या लाद्यांनी आधार दिला आहे. परंतु या लादीचे मूल्य केवळ भट्टीत ठरत नाही. ते बरेचसे गवंड्याच्या हातात ठरते.

सच्छिद्रता : गुण आणि अडचण

झिलई नसल्यामुळे ही लादी पाणी शोषते. मातीच्या फरशीसंबंधीच्या भारतीय मानक १४७८ मध्ये लाद्यांचे वर्ग पाडताना जलशोषण ही एक महत्त्वाची कसोटी मानली आहे. पहिल्या वर्गासाठी ही मर्यादा १० टक्के आहे. सच्छिद्रतेमुळे फरशी पायाला सुखद लागते. मात्र तेल, हळद आणि सिमेंटचे पाणीही त्याच छिद्रांतून आत शिरते. म्हणून खरेदी करतानाच जलशोषणाची चौकशी करणे हिताचे ठरते.

कापणी व बसवणी

भट्टीतील उष्णता सर्वत्र सारखी नसल्याने लाद्यांच्या रंगात व मापात थोडा फरक राहतो. त्यामुळे अनेक खोक्यांतील लाद्या मिसळून घ्याव्यात आणि सांधे ८ ते १२ मिलिमीटर रुंद ठेवावेत. जाड लादी रेघ मारून तोडल्यास वेडीवाकडी फुटते. ती डायमंड पात्याच्या यंत्राने, पाणी सोडून कापावी. कोरड्या कापणीतील सिलिकायुक्त धूळ कामगारांच्या फुप्फुसांना कायमची इजा करू शकते.

सिमेंटच्या मसाल्यावर बसवायच्या लाद्या आधी पाण्यात भिजवाव्यात, अन्यथा त्या मसाल्यातील पाणी ओढून घेतात व पकड कमजोर होते. लादीखाली पोकळी राहू देऊ नये. भिंतीलगत थोडी फट सोडावी, म्हणजे फरशीला प्रसरणास वाव राहतो. वर सांडलेले सिमेंट ओल्या स्पंजने तत्काळ पुसावे. ते वाळल्यावर आम्लाने धुण्याची पद्धत लादीचा पृष्ठभाग बिघडवते.

संरक्षक लेप

सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात. सांधे भरण्यापूर्वी कोरड्या लाद्यांच्या वरच्या बाजूस छिद्रांत मुरणाऱ्या लेपाचा पहिला हात द्यावा, म्हणजे सांध्यातील सिमेंटचे डाग उमटत नाहीत. त्यानंतर सांधे भरून फरशी दोन-तीन आठवडे, पावसाळ्यात त्याहून अधिक काळ, वाळू द्यावी. ओल असताना शेवटचा लेप दिला तर आतील क्षार वर येऊन पांढरा लोणा धरतो. पाण्याचा थेंब टाकल्यावर लादी काळवंडली, तर लेपाचा आणखी एक हात आवश्यक आहे असे समजावे. जवसाच्या तेलाचा लेप दिल्यास तेलाचे बोळे पसरून वाळवावेत. गोळा करून ठेवलेले बोळे आपोआप पेट घेऊ शकतात.

प्रशिक्षणाची गरज

आर्थिक दृष्टीने पाहता वाळण्याचे दिवस म्हणजे ठेकेदाराच्या लेखी खर्च आणि घरमालकाच्या लेखी बचत. चौरस फुटाच्या दराने मजुरी ठरते तेव्हा घाई करणाऱ्याला लाभ होतो, नुकसान मात्र वर्षभराने दिसते. दोष लादीच्या माथी मारला जातो, ग्राहक व्हिट्रिफाइड लादीकडे वळतो आणि भट्टीवरील कामगाराचा रोजगार जातो. शिवाय माती दुर्मीळ झाली असताना उखडलेली प्रत्येक लादी ही नैसर्गिक संपत्तीचीही हानी आहे.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेसारख्या कार्यक्रमांत फरशीकामाच्या प्रशिक्षणाला सच्छिद्र लाद्यांची जोड देता येईल. कारखान्यांनीही प्रत्येक खोक्यासोबत प्रादेशिक भाषेत बसवणीची माहिती द्यावी, आणि मजुरीच्या करारात वाळण्याचा कालावधी व लेपानंतरची तपासणी यांचा स्पष्ट उल्लेख असावा. या उपायांना फारसे भांडवल लागत नाही. मात्र त्यांतून घरमालक, गवंडी आणि भट्टीवरील कामगार या तिघांचेही हित साधले जाईल.