मोडलेल्या राज्याची नातवंडं

ऐंशीच्या दशकाच्या आठवणी निघाल्या की सगळीकडे एकच यादी वाचायला मिळते. ‘हम लोग’, ‘बुनियाद’, रविवार सकाळचं ‘रामायण’, 1983चा विश्वचषक, शाईने निळी झालेली बोटं, गच्चीवर चढून फिरवलेला अँटेना. यादी खरीच आहे. आमच्याकडेही हे सगळं होतं. टीव्ही तर ‘ईसी’ होता, आमच्याच गावात ईसीआयएलने बनवलेला, आणि त्याचा आम्हाला अभिमान होता. पण ही यादी दिल्लीच्या माणसाचीही तीच आणि नागपूरच्या माणसाचीही तीच. ती वाचून मला माझं बालपण आठवत नाही. ते हैदराबादमध्ये, काचीगुडा, बडी चौडी, सुलतान बाजार या पट्ट्यातल्या एका मराठी घरात गेलं, आणि तिथलं जे खास होतं ते या यादीत कुठेच सापडत नाही.

ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागतं. निजामाच्या राज्यात सोळा जिल्हे होते. आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. परभणीच्या किंवा बीडच्या माणसाला कित्येक पिढ्या राजधानी म्हणजे हैदराबाद. कोर्टाचं काम तिथे, मोठं शिक्षण तिथे, सरकारी नोकरी तिथे. सप्टेंबर 1948मध्ये पोलीस कारवाई होऊन राज्य भारतात आलं आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार प्रांतरचनेत त्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबईकडे गेला. राजधानी बदलली तसे कितीतरी कारकून, मास्तर, वकील बिऱ्हाड आवरून औरंगाबादला किंवा मुंबईला निघून गेले. ज्यांचं घर, वकिली किंवा दुकान इथे रुजलं होतं ते राहिले. त्या राहिलेल्यांची आम्ही नातवंडं. ऐंशीच्या दशकात ही आजोबा-आजींची पिढी साठी-सत्तरीत होती, धडधाकट होती आणि घराघरांत ओट्यावर बसलेली होती. माझ्या मते हेच त्या दशकाचं सगळ्यात मोठं वैभव, आणि ते आमच्या हातून कसं निसटलं हे मला सांगायचं आहे.

आमच्या आजोबांची सकाळ स्नानसंध्या आणि ज्ञानेश्वरीच्या चार ओव्यांनी सुरू व्हायची. मग चहा, आणि चहाबरोबर ‘सियासत’. उर्दू पेपर ते उजवीकडून डावीकडे बोट फिरवत वाचायचे आणि अग्रलेखातला एखादा मुद्दा पटला नाही की मराठीत मोठ्याने हरकत घ्यायचे. घरात कुणाला यात नवल वाटत नसे. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात कायदा आणि वैद्यकसुद्धा उर्दूत शिकवलं जायचं, ते पोलीस कारवाईपर्यंत. त्यामुळे त्या पिढीच्या शिकलेल्या मराठी माणसाची लिखापढीची भाषा उर्दूच होती. किराण्याचा हिशेब उर्दूत, भावाला पत्र मराठीत, देवापुढे संस्कृत. आजी हिशेब सांगताना तेव्हाही कधीकधी ‘हाली’ म्हणायची. निजामाचा हाली रुपया इंग्रजी कलदार रुपयापेक्षा हलका. साधारण सात हालीला सहा कलदार मिळत. लग्नात किती खर्च झाला हे तिला हालीतच आठवायचं.

माळ्यावर एक लोखंडी ट्रंक होती. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या साफसफाईला, ती खाली यायची. आत पिवळे पडलेले कागद. घराचं खरेदीखत, जमिनीच्या पावत्या, आजोबांच्या शाळेचा दाखला. त्यावर जन्मतारीख फसली सनातली. फसलीत 590 मिळवले की इसवी सन येतो, हे गणित आम्हाला आजोबांनी त्या ट्रंकेजवळ बसून शिकवलं. कागदावरची अक्षरं मात्र आम्हाला लागायची नाहीत. वडिलांना ती अडखळत वाचता यायची. मला शाळेत दुसरी भाषा तेलुगू. एकाच छताखाली तीन पिढ्या तीन वेगळ्या लिप्यांत साक्षर होत्या, आणि मी माझ्या आजोबांचं नाव त्यांच्याच हस्ताक्षरात ओळखू शकत नव्हतो. तेव्हा याचं काहीच वाटलं नाही. आज वाटतं.

मराठी टिकवायची सोय आधीच्या लोकांनी करून ठेवली होती. जांबागेतली विवेक वर्धिनी ही शाळा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर तिच्या संस्थापकांपैकी. फुलांचा बाजार जवळच, त्यामुळे गणपतीच्या आणि दिवाळीच्या दिवसांत त्या रस्त्याला झेंडूचा आणि मरव्याचा वास असायचा. आमची आत्या तिथे शिकली. आमच्या वेळेपर्यंत मात्र घराघरांत इंग्रजी शाळेचं वारं शिरलं होतं. आईवडिलांना दोष देता येत नाही. नोकऱ्या तिकडे होत्या. मग आमचं मराठी वाचन इसामिया बाजारवर आलं. तिथे मराठी साहित्य परिषद, तिचं ‘पंचधारा’ हे त्रैमासिक, आणि पुस्तकांची कपाटं. दिवाळी अंक पुण्या-मुंबईहून यायला उशीर व्हायचा, तो थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. आला की आधी आजोबा, मग काकू, मग आई, आणि आमच्या हाती पडेपर्यंत त्याची पाठपानं निघालेली असायची.

मुलांसाठी ‘चांदोबा’. तो मद्रासहून निघायचा, आणि मुळात तो तेलुगू. 1947 साली ‘चंदमामा’ म्हणून सुरू झालेला. शेजारच्या घरी तेलुगू अंक यायचा, आमच्याकडे मराठी. दुपारी जिन्यात बसून मी आणि शेजारचा मुलगा दोन अंक मांडीला मांडी लावून उघडायचो. चित्रं तीच. तोच राजा, तेच झाडावर लटकणारं प्रेत, खांद्यावर वेताळ घेतलेला तोच विक्रम. फक्त खालची अक्षरं वेगळी. चित्रावरून गोष्ट माहीत असायची, म्हणून अक्षरं लागत गेली. मला तेलुगू वाचता येऊ लागलं ते शाळेतल्या बाईंच्या आधी या जिन्यात. आणि तो मुलगा आज विजयवाड्यात राहतो, पण फोनवर माझ्याशी अजून मराठीत बोलतो.

पाडव्याला तर दोन्ही घरांचा सण एकाच दिवशी. आमच्या खिडकीला गुढी, त्यांच्या दाराला आंब्याचं तोरण. आमच्याकडे कडुनिंब, गूळ, हिंग, ओवा. त्यांच्याकडे उगादीची पच्चडी, कडुनिंबाचा फुलोरा, नवी चिंच, कच्ची कैरी, गूळ, मीठ, तिखट. सकाळी वाट्यांची देवाणघेवाण व्हायची आणि आमची आजी त्यांची पच्चडी आमच्या कडुनिंबापेक्षा आवडीने खायची. आषाढात बोनालची मिरवणूक, त्यात ढोल आणि हळदीने माखलेला पोतराजू. जानेवारीत संक्रांतीचे पतंग. ईदला समोरच्या चाचांकडून शीरखुर्मा. रस्त्यावर उतरलं की सगळ्यांची जीभ आपोआप दखनीवर जायची. तेलुगू, मराठी, मारवाडी, मुसलमान, कुणीही असो, पतंगाचं भांडण दखनीतच व्हायचं.

जानेवारी सुरू झाला की ‘नुमाइश’. नामपल्लीच्या मैदानावरचं हे औद्योगिक प्रदर्शन 1938पासूनचं. उस्मानियाच्या पदवीधरांनी सुरू केलेलं. काश्मिरी शाली, लखनौचं चिकन, छोटी आगगाडी, मिरची भजी. सगळं खानदान एकदम निघायचं आणि कुणी चुकलं तर कुठे भेटायचं हे आधी ठरलेलं असायचं. एरवी करमणूक म्हणजे 7 झेड नंबरच्या डबलडेकरची वरची पुढची सीट. सिकंदराबाद स्टेशनहून प्राणिसंग्रहालयापर्यंत जाणारी ती बस.

क्रिकेटमध्ये आमचा अझर. विठ्ठलवाडीचा मुलगा, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरचा. कोलकाता, मद्रास, कानपूर या पहिल्या तीन कसोटींत त्याने तीन शतकं ठोकली तेव्हा 1984 संपून 1985 उजाडत होतं आणि गल्लीतला प्रत्येक जण मनगट वळवून फ्लिक मारायला लागला होता. 1987च्या विश्वचषकात लालबहादूर स्टेडियमवर न्यूझीलंड आणि झिंबाब्वेचा सामना झाला. डेव्ह हॉटनने 142 धावा काढल्या आणि तरी झिंबाब्वे तीन धावांनी हरलं. भारत खेळत नव्हता, पण हॉटनसाठी सगळं गाव हळहळलं.

मे महिन्यात काचीगुडा स्टेशन. यादीत बसत नाही असं जे मी म्हणालो, त्यात पहिला मान तिथल्या गाडीला. निजामाच्या रेल्वेचं ते घुमटांचं स्टेशन, आणि तिथून सुटणारी मीटर गेजची मनमाडची गाडी. मनमाडपर्यंत जाणारे प्रवासी कमी. आमच्यासारखे नांदेड, पूर्णा, परभणी, जालना इथल्या आजोळी जाणारेच जास्त. कामारेड्डी, निजामाबाद मागे पडलं की आई आम्हाला हलवून जागं करायची, कारण गोदावरी यायची. नदीत पैसे टाकायचे, हात जोडायचे, लगेच बासर. आणि बासरनंतर धर्माबाद. तिथल्या फलाटावर महाराष्ट्र सुरू व्हायचा. पाट्या बदलायच्या, फलाटावर मिरच्यांचा ठसका यायचा. आम्हा मुलांना वाटायचं, आपल्या देशात आलो. आजोबांना तसं कधीच वाटलं नाही. ते म्हणायचे, इथे काही नव्हतं रे, ही रेघ नंतर ओढली. धर्माबादचा हमाल फलाटावर तेलुगू बोलायचा आणि निजामाबादचा भाजीवाला मराठी, हे आम्ही डोळ्यांनी पाहत होतो. त्याचा अर्थ आजोबांना ठाऊक होता.

1984च्या डिसेंबरात पी. व्ही. नरसिंह राव हनमकोंड्यात पडले आणि महाराष्ट्रातल्या रामटेकमधून लोकसभेवर गेले. दिल्लीच्या लोकांना ती राजकीय सोय वाटली असेल. आमच्या आजोबांना त्यात काही वेगळं दिसलं नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’चा तेलुगू अनुवाद करणारा माणूस रामटेकला परका कसा, असं ते विचारायचे. नरहर कुरुंदकरांसारखा लेखकही हैदराबादच्याच सिटी कॉलेजात शिकला होता. आजोबांच्या पिढीत कोण तेलुगू आणि कोण मराठी हे घरातल्या बोलीवरून ठरायचं. जग मात्र एकच होतं.

या दिवसांचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवू नये. 1983 आणि 1984मध्ये शहरात दंगली झाल्या, 1990च्या अखेरीस तर फार मोठी झाली. संचारबंदी आम्हाला शाळेच्या सुट्टीइतकी परिचयाची होती. शिथिल झाली की दोन तासांत दूध, भाजी, गव्हाचं पीठ. जुन्या शहरात, शालीबंड्याकडे पिढ्यान्पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबं त्या दहा-बारा वर्षांत एकेक करून नदी ओलांडून इकडे आली. वाडे विकले गेले. समोरचे चाचाही एक दिवस घर विकून दुसऱ्या मोहल्ल्यात गेले. जाताना आजोबांजवळ बसून दोघं बराच वेळ उर्दूत बोलले. आम्हाला बोलणं कळत होतं, तरी आम्ही तिथून उठून गेलो. वेगळं राहण्याची ती सवय शहराला त्याच दशकात लागली, आणि त्याची किंमत आम्ही अजून देतो आहोत.

नव्वदच्या दशकात हे सगळं भराभर सरलं. आजोबा गेले, घरी ‘सियासत’ येणं बंद झालं, टीव्ही रंगीत झाला आणि त्यावर चॅनेलं आली. आम्ही पुणे, बंगळुरू, अमेरिका अशा वाटांनी पांगलो. मीटर गेज या शतकाच्या सुरुवातीपर्यंत उखडून ब्रॉडगेज झालं. ट्रंक घर बदलताना कुणाकडे गेली याची चौकशी मी बरीच उशिरा केली. ती एका चुलतभावाकडे मिळाली. शालीबंड्याच्या एका निवृत्त मौलवींनी त्यातले कागद मला वाचून दाखवले. एका पावतीच्या पाठीमागे आजोबांनी कुणाला तरी बी-बियाण्याचे पैसे उसने दिल्याची नोंद होती, आणि खाली शेरा, परत मागू नयेत. आजोबांबद्दल ही गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती.

म्हणून ऐंशीच्या आठवणी काढणाऱ्या माझ्या वयाच्या सगळ्या हैदराबादकरांना, आणि नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबादकडच्यांनाही एक विनंती. मालिकांची नावं आणि गोळ्यांची वेष्टणं सगळा देश जपतो आहे, त्यांची काळजी नको. आपल्या त्या काळच्या आई-वडिलांनी आता सत्तरी-ऐंशी गाठली आहे. निजामी उर्दूतला कागद अडखळत का होईना वाचणारी ती शेवटची माणसं. त्यांच्यासमोर फोन ठेवा आणि बोलतं करा. माळ्यावरचे कागद रद्दीत घालू नका. वाचणारा शोधा, त्यांची छायाचित्रं काढा, आणि सांभाळणं जमत नसेल तर इसामिया बाजारातल्या परिषदेला किंवा तारनाक्याच्या राज्य अभिलेखागाराला विचारा. या दिवाळीच्या आत करा.