हेडलाइट सुधारा, पण बल्बपासून सुरुवात नको

जुन्या गाडीचा उजेड कमी पडू लागला की बहुतेक जण हॅलोजन काढून बाजारातला एलईडी बसवतात. पण रस्त्यावर झोत टाकतो तो रिफ्लेक्टर, आणि त्याची वक्रता फिलामेंटच्या नेमक्या जागेवरून आखलेली असते. आपल्याकडे सर्रास दिसणारा एच-४ बल्ब पाहा. त्यात ५५ वॅटच्या लो बीमच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. ती रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर उजेड पडू देत नाही, म्हणून समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. एलईडीच्या चिप चपट्या. त्या जरा इकडेतिकडे बसल्या तरी झोत विस्कटतो. ‘पण उजेड पांढराशुभ्र दिसतो की!’ दिसतो खरा, पण बऱ्याचदा बॉनेटपुढच्या चार हातांतच. जवळचा रस्ता झगझगला की डोळा त्याला सरावतो आणि लांबचा खड्डा उलट दिसेनासा होतो.

मग घरी करायचे काय? प्लास्टिकची काच उन्हाने पिवळी पडली असेल तर ८०० पासून २००० नंबरपर्यंतच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासा आणि वर यूव्ही-रोधक क्लिअर कोट मारा. (टूथपेस्टची चमक फार टिकत नाही.) वायरिंग जुने असेल तर तेही तपासा: व्होल्टेज १० टक्के घटले की हॅलोजनचा उजेड सुमारे ३० टक्के घटतो. बॅटरीपासून फ्यूजसह रिले टाकला की यातला बराचसा परत मिळतो. १००/९० वॅटचे बल्ब स्वस्तातला उपाय वाटतात, पण त्यांच्या उष्णतेने होल्डर वितळतात. शेवटी सपाट जागी भिंतीवर झोत पाडून हेडलाइटच्या स्क्रूने त्याची उंची जुळवा. त्या स्क्रूला पैसे पडत नाहीत.