दोन पडद्यांवरील कोष्टके : तुलना पाहणे आणि तुलना नोंदविणे

दोन लेखी साधने समोरासमोर ठेवून त्यांतील साम्य व भेद शोधणे ही भाषाभ्यासातील एक मूलभूत क्रिया होय. पोथ्यांतील पाठभेद असोत, दोन गावांतील बोलीरूपे असोत किंवा एकाच गावाच्या नावाची दोन याद्यांतील लेखने असोत, अभ्यासकाची नजर एका साधनावरून दुसऱ्यावर जाते आणि पुन्हा पहिल्याकडे परतते. पूर्वी ही साधने मेजावर पसरलेली असत. आज ती बहुधा संगणकीय कोष्टकांच्या रूपात असतात, आणि ती शेजारी-शेजारी पाहता यावीत म्हणून एका संगणकास दोन, क्वचित तीनही, पडदे जोडलेले आढळतात. ही सोय उपकारक आहे यात शंका नाही. परंतु पाहण्याची जागा वाढल्याने तुलना अधिक विश्वसनीय होते काय, हा प्रश्न स्वतंत्र आहे. त्याचे उत्तर शोधताना पडद्यांची रीत, गावांच्या नावांचे एक साधे उदाहरण आणि पुण्यातच पूर्वी झालेला एक मोठा उद्योग, या तिहींचा विचार उपयुक्त ठरतो.

१. नजरेचा प्रवास

पोथीची नक्कल करणाऱ्या लेखनिकाच्या कामाच्या चार पायऱ्या सांगता येतात : मूळ मजकूर वाचणे, तो क्षणभर स्मरणात धरणे, तो लिहिणे, आणि मूळ पोथीत जेथून नजर उचलली तेथेच ती परत आणणे. हस्तलिखितांतील अनेक प्रमाद चौथ्या पायरीवर घडतात. जवळजवळच्या दोन ओळी सारख्याच शब्दाने संपत असतील, तर परतणारी नजर पहिलीऐवजी दुसरीवर टेकते आणि मधला मजकूर गळतो. सारख्या आरंभामुळेही असेच होते.

कोष्टकांची तुलना करणारा अभ्यासक याच चार पायऱ्या चढत असतो. एकाच पडद्यावर एक कोष्टक दुसऱ्यास झाकते, आणि पाहिलेला शब्द वा आकडा दुसरे कोष्टक उघडेपर्यंत ध्यानात ठेवावा लागतो. दोन पडद्यांमुळे स्मरणावरील हा भार बराच हलका होतो. परतीची पायरी मात्र शिल्लकच राहते. किंबहुना नजरेला आता एका पडद्याची कड ओलांडून दुसऱ्यावरील नेमकी ओळ गाठावयाची असल्याने तिचा प्रवास वाढलेला असतो.

२. लोणी काळभोरचे उदाहरण

पुणे जिल्ह्यातील बोलीरूपे गोळा करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यापुढे दोन कोष्टके आहेत असे समजू. एकात जनगणनेच्या आधारे केलेली गावांची यादी आहे, तर दुसऱ्यात त्याने स्वतः क्षेत्रकार्यात नोंदविलेली रूपे गावनिहाय मांडली आहेत. दोन्ही कोष्टके गावांच्या नावांनुसार अक्षरक्रमाने लावलेली असून ती दोन पडद्यांवर समोरासमोर उघडली आहेत.

या जिल्ह्यात 'लोणी' या पदाने आरंभ होणारी गावे एकाहून अधिक आहेत. सोलापूर रस्त्यावरील लोणी काळभोर, नगर रस्त्यावरील लोणी कंद आणि बारामती तालुक्यातील लोणी भापकर ही त्यांपैकी तीन होत. काळभोर, कंद व भापकर ही आडनावे असून गावाच्या नावात ती भेददर्शक उत्तरपदाचे काम करतात. पहिली दोन गावे पूर्वापार हवेली तालुक्यातच गणली गेलेली असल्याने केवळ तालुका पाहूनही त्यांच्यात भेद करता येत नाही.

आता एका यादीत 'लोणी कंद' अशी दोन पदे आहेत आणि दुसऱ्या यादीत 'लोणीकंद' असे एकच पद आहे, असे धरू. दोन्ही लेखने प्रचारात आहेत. ज्या क्रमव्यवस्थेत पदांमधील मोकळ्या जागेस अक्षरांच्या आधीचे स्थान असते, तीत पहिल्या यादीत 'लोणी कंद' आधी व 'लोणी काळभोर' नंतर येते. दुसऱ्या यादीत 'लोणी काळभोर' आधी येते आणि 'लोणीकंद' त्यानंतर कोठे तरी जाते. म्हणजे दोन्ही याद्या आपापल्या जागी क्रमशुद्ध असूनही समोरासमोरच्या ओळी एकाच गावाच्या राहात नाहीत. नजरेला दोन्हीकडे 'लोणी' दिसते आणि ती निःशंकपणे पुढे सरकते. परिणाम असा की, एका लोणीत ऐकलेले रूप दुसऱ्या लोणीच्या नावे जाते. बोलीभूगोलाच्या नकाशावर हे रूप सोलापूर रस्त्यावरून नगर रस्त्यावर उचलून ठेवल्यासारखे होते; रूपांची सीमारेषा वळते, आणि त्या वळणाचे कारण शोधण्यात पुढील अभ्यासकाचे श्रम खर्ची पडतात.

३. पडद्यांची रीत आणि तिची मर्यादा

शेजारी-शेजारी पाहण्याची गरज संगणकीय कोष्टकाइतकीच जुनी आहे. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांच्या १९७९ मधील व्हिसिकॅल्क या कोष्टकातही पडदा दुभागण्याची आणि दोन्ही भाग एकत्र सरकविण्याची सोय होती. अनेक पडद्यांची सोय १९८७ च्या मॅकिंटॉश टू या संगणकात होती. विंडोज प्रणालीत ती १९९८ च्या आवृत्तीपासून आली. एक्सेलच्या २०१० पर्यंतच्या आवृत्त्यांत उघडलेल्या साऱ्या कोष्टकवह्या सामान्यतः एकाच मोठ्या खिडकीत बंदिस्त असत. त्यामुळे त्या दोन पडद्यांवर पाहण्यासाठी ती खिडकीच दोहोंवर ताणावी लागे किंवा एक्सेल दुसऱ्यांदा स्वतंत्रपणे सुरू करावे लागे. २०१३ च्या आवृत्तीपासून प्रत्येक वहीस स्वतंत्र खिडकी मिळाली. लिब्रेऑफिस कॅल्कमध्येही प्रत्येक वही स्वतंत्र खिडकीत उघडते.

आजची रीत थोडक्यात अशी. विंडोज संगणकावर 'विंडोज' व 'पी' या कळा एकत्र दाबून 'एक्स्टेंड' हा पर्याय निवडला म्हणजे दुसरा पडदा पहिल्याचा विस्तार होतो. दोन्ही वह्या उघडून एकेक पडद्यावर एकेक वही सरकवावी. एकाच वहीतील दोन पाने पाहावयाची असल्यास एक्सेलच्या 'व्ह्यू' विभागातील 'न्यू विंडो' या आज्ञेने त्याच वहीची दुसरी खिडकी उघडते. 'फ्रीझ पेन्स' या आज्ञेने रकान्यांची शीर्षके व गावाचे नाव स्थिर राहते. 'व्ह्यू साइड बाय साइड' आणि तिच्या जोडीची 'सिंक्रोनस स्क्रोलिंग' या आज्ञांनी एक कोष्टक सरकविले असता दुसरेही तितकेच सरकते. दोन्ही पडदे समान उंचीवर, अक्षरांचा आकार सारखा आणि ओळींची उंची एकच, एवढी पथ्ये पाळली तर समोरासमोरच्या ओळी एका पातळीत दिसतात.

परंतु एकत्र सरकणे म्हणजे काय, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे. दोन्ही खिडक्या ओळी मोजून सरकतात. ओळीत काय लिहिले आहे याच्याशी त्या क्रियेचा काहीच संबंध नसतो. एका यादीत एखादे गाव अधिक असले की तेथपासून खालच्या सर्व जोड्या एका ओळीने चुकतात, आणि तरीही दोन्ही कोष्टके पूर्ववत एका तालात सरकत राहतात. पातळी जुळणे आणि विषय जुळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पडदा पहिलीची तजवीज करतो. दुसरीची तजवीज अभ्यासकाने कोष्टकातच करावी लागते.

४. भांडारकर संशोधन मंदिरातील तुलनापत्रे

ही तजवीज कशी करावी याचा एक वस्तुपाठ पुण्यातच उपलब्ध आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १ एप्रिल १९१९ रोजी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आरंभ केला. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन् यांच्या उपस्थितीत तिची पूर्तता जाहीर झाली. या कार्यात १२५९ हस्तलिखितांचा परामर्श घेण्यात आला. देवनागरी, शारदा, बंगाली, ग्रंथ, तेलुगू, मल्याळम् अशा अनेक लिप्यांतील पोथ्या एका मेजावर शेजारी-शेजारी मांडून अशी तुलना होणे शक्यच नव्हते. काही पोथ्यांची पाठतुलना तर पुण्याबाहेर, तंजावर व शांतिनिकेतन येथील केंद्रांत झाली.

यावर योजलेला उपाय विष्णु सीताराम सुखठणकर यांनी आदिपर्वाच्या १९३३ मधील प्रस्तावनेत वर्णिला आहे. प्रत्येक श्लोकासाठी एक स्वतंत्र कागद असे. त्यावर प्रचलित संहितेतील तो श्लोक एकेका घरात एकेक अक्षर याप्रमाणे लिहिलेला असे. निरनिराळ्या पोथ्यांतील भिन्न पाठ त्या त्या अक्षराच्या रकान्यात, ठरलेल्या ओळीत भरले जात. उजवीकडे शेऱ्यांसाठी रुंद रकाना राखलेला असे. पोथीतील दुरुस्त्या, समासातील भर इत्यादींची नोंद तेथे होई. तळाशी, प्रचलित संहितेत नसलेल्या पण एखाद्या पोथीत आढळणाऱ्या अधिक श्लोकांसाठी जागा सोडलेली असे.

या मांडणीचे तीन विशेष ध्यानात घेण्याजोगे आहेत. पहिला, प्रत्येक पाठास एक निश्चित पत्ता होता : अमुक श्लोक, अमुक अक्षर, अमुक पोथी. नजर चुकली तरी पत्ता तपासून चूक शोधता येई. दुसरा, जे जुळत नाही त्याचीही सोय अगोदरच केलेली होती; अधिक श्लोक वगळावा लागत नसे की भलत्या श्लोकाशी बळेच जोडावा लागत नसे. तिसरा विशेष सर्वांत महत्त्वाचा. तुलना करणाऱ्याच्या नजरेत घडलेली गोष्ट कागदावर उरत होती. सुखठणकर १९४३ मध्ये निवर्तले. त्यानंतर श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि पुढे परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादनाची धुरा वाहिली. पाठतुलना केवळ पाहणाऱ्याच्या स्मरणात राहिली असती, तर सत्तेचाळीस वर्षांच्या या कार्यात प्रत्येक नव्या संपादकास आरंभापासून सुरुवात करावी लागली असती.

५. आजच्या कोष्टकास लागू पडणारे नियम

तुलनापत्रातील पत्त्याचे स्थान आजच्या कोष्टकात ओळखक्रमांकाच्या रकान्याने घ्यावयाचे असते. गावाचे नाव हा भरवशाचा पत्ता नव्हे. त्याची तीन कारणे आहेत. डोळ्यास भिन्न दिसणारी लेखने एकाच गावाची असू शकतात, उदाहरणार्थ लोणी कंद व लोणीकंद. अगदी सारखी दिसणारी लेखने संगणकास भिन्न वाटू शकतात : बारामती तालुक्यातील 'कोऱ्हाळे' या नावातील ऱ हे अक्षर स्वतंत्र संकेतांकाने लिहिले जाते, तसेच साधा र, हलन्त चिन्ह व एक अदृश्य जोडचिन्ह मिळूनही तीच आकृती पडद्यावर उमटते. उलटपक्षी, डोळा व संगणक या दोहोंस सारखेच वाटणारे नाव भिन्न गावांचे असू शकते. नुसते 'लोणी' म्हटले तर अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरा परिसरातील लोणीही त्यात येते. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक खेड्यास सहा अंकी स्थानसंकेतांक दिलेला आहे. क्षेत्रकार्याच्या वहीत गावाच्या नावाशेजारी तो प्रथमपासूनच लिहिला, तर नावांच्या लेखनातील विकल्प तुलनेस बाधा आणीत नाहीत.

दोन्ही कोष्टकांत असा क्रमांक असला म्हणजे जोड्या लावण्याचे काम नजरेकडे न ठेवता सूत्राकडे सोपवावे. येथेही सावधगिरी हवी. 'व्हीलुकअप' हे सूत्र पहिली जुळणी मिळताच थांबते. दुसरी जुळणी आहे हे ते सांगत नाही. शिवाय अचूक जुळणीचा आग्रह स्पष्टपणे नोंदविला नाही तर ते जवळपासच्या मूल्यावर समाधान मानते. म्हणून ओळखक्रमांक दोनदा आलेला नाही याची खात्री आधी करून घ्यावी. जुळलेल्या ओळींचे तिसरे कोष्टक तयार करावे, त्यात शेऱ्यांचा रकाना ठेवावा, आणि दोन्हीकडील न जुळलेल्या ओळींची स्वतंत्र यादी करावी. तुलनापत्राच्या तळाशी अधिक श्लोकांसाठी राखलेल्या जागेचेच हे आजचे रूप होय.

यानंतर दोन पडद्यांचे खरे काम सुरू होते. न जुळलेली ओळ एका पडद्यावर आणि मूळ यादीचे पान किंवा क्षेत्रकार्याच्या वहीचे छायाचित्र दुसऱ्यावर ठेवून निर्णय करावयाचा असतो, आणि तो यंत्राने करण्याजोगा नसतो. लोणीकंद हेच लोणी कंद होय, हे स्थळांची माहिती असणारा मनुष्यच सांगू शकतो. शेकडो ओळींवरून फिरून थकलेल्या नजरेपेक्षा मोजक्या, निवडलेल्या ओळींवर स्थिरावलेली नजर असा निर्णय अधिक चांगला करते. निर्णय झाला की तो आधारासह शेऱ्याच्या रकान्यात लिहावा.

प्रबंधांच्या परीक्षणातही याचे महत्त्व आहे. दोन पडद्यांवर याद्या ताडून पाहिल्या, एवढे विधान परीक्षकास तपासता येत नाही, कारण खिडक्या बंद होताच ती तुलना नाहीशी झालेली असते. ओळखक्रमांक, जुळणीचे कोष्टक, शेरे आणि न जुळलेल्या ओळींची यादी परिशिष्टात असेल, तर लोणी काळभोरच्या नावे नोंदलेले रूप खरोखर तेथलेच आहे की नाही, हे दहा वर्षांनंतरच्या अभ्यासकासही पाहता येईल. विद्यार्थ्याने क्षेत्रकार्याची पहिली ओळ लिहिण्यापूर्वीच मार्गदर्शकाने या चार गोष्टींची आखणी त्याच्याकडून करून घेणे इष्ट होय.